वाट लांबली

"शेळीची वाट लांबली," मेणवाली म्हणाली.

समोर बसलेल्या गवळ्यानं सुस्कारा टाकला. शेळी सापडलीच तर बांधून न्यायला आणलेली दोरी त्यानं गुंडाळून खिशात घातली आणि तो उठला.

खिंडीखालच्या त्या गावात मेणवाली कधीही कोणाला 'मेलं' म्हणत नसे. ती वितळलेलं मेण थंड पाण्यात ओतायची. ते अखंड थिजलं तर हरवलेलं परत येणार, तुकडे झाले तर वाट लांबली. माणूस असो की शेळी, शब्द एकच, आणि ऐकणारा काय ते समजून घ्यायचा. म्हातारीला मरणाच्याही वाकड्यात शिरायचं नाही, असं लोक थट्टेनं म्हणत.

मेण ओतताना विचारणाऱ्याखेरीज खोलीत कोणी थांबायचं नाही, असा तिचा दंडक होता. सून तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसायची. ती खालच्या सपाटीवरची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा, म्हणजे मेणवालीचा एकुलता एक मुलगा, खेचरं घेऊन खिंडीपलीकडे गेला. बर्फाचा कडा कोसळला. खेचरं परत आली, तो आला नाही. शोधायला गेलेले हात हलवत परतले. त्याला आता दोन हिवाळे झाले होते.

रक्ताच्या माणसासाठी मेण ओतत नाहीत, म्हणून मेणवालीनं मुलासाठी ते कधी ओतलं नव्हतं. मनातून तिनं त्याला केव्हाच पोचवलं होतं.

मग एक दिवस गावातला सुतार आला. बायको वारलेला, सरळ माणूस. "आजी, तुमची ना नसेल तर तुमच्या सुनेला विचारीन म्हणतो. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला."

"मी कशाला नको म्हणू? उद्या ये, तिलाच विचार," मेणवाली म्हणाली. पण नवरा परत येईल ही आशा आहे तोवर पोरगी हो म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

योगायोगानं त्याच संध्याकाळी सून तिच्यापुढे येऊन बसली. "आई, एकदा माझ्यासाठी ओता ना. मी कुठं रक्ताची आहे?"

मेणवालीनं मेण ओतलं. ते पाण्यावर पसरलं आणि ताटलीसारखं गोल थिजलं. काठाला तडासुद्धा नव्हता. म्हातारीच्या काळजानं उडी घेतली. मग तिनं सुनेकडे पाहिलं. चोविशीची पोर, दोन वर्षांत सुकून गेली होती.

"वाट लांबली," ती म्हणाली. मेणाविरुद्ध ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली.

सुनेचा चेहरा उजळला. "म्हणजे उशीर होतोय, एवढंच ना? होऊ दे. माझी कुठं गाडी सुटतेय!"

तिची समजूत म्हातारीला तिथंच मोडवेना; तिनं मेण पाण्यातून उचलून पुन्हा भांड्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुतार दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला. सुनेनं त्याला दारातच सांगितलं, "माझा माणूस वाटेवर आहे. आईंनीच मेण बघून सांगितलं, वाट लांबली म्हणून."

सुतार याच गावातला. त्यानं चमकून म्हातारीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बरं," एवढंच म्हणून तो परत फिरला. त्या पोरीला शब्दाचा अर्थ सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"काय झालं हो त्यांना?" सुनेनं विचारलं.

"इकडे ये. बस." मेणवालीनं तिचा हात धरला. "त्याचा अर्थ उशीर नाही गं."

"मग?"

"मेला. माझा मुलगा मेला. तू त्याच्यासाठी थांबू नकोस."

सून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मेणात तसंच दिसलं?"

"तसंच दिसलं."

सुनेनं हंबरडा फोडला. म्हातारीनं तिला कुशीत घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला मात्र रडू येईना. कालपासून तिचा मुलगा जिवंत होता, आणि आता त्याची वाट बघणारी ती एकटीच उरली होती.