काचेतले ओठ

"भिंतीकडे तोंड कर, जॅस्पर. आणि मागे वळायचं नाही, शाळेतल्या पोरासारखं," नौदलाचा डॉक्टर मॅक्रे त्याच्या समोर उभा राहून म्हणाला.

कमांडर जॅस्पर ट्रेलोर वळला. तेराव्या वर्षी तो इंग्लंडच्या नौदलात आला, आणि पुढचे सगळे आयुष्य तोफांशेजारी गेले. कानांत कापूस घालणाऱ्याला तिथे 'नवरीबाई' म्हणून चिडवीत. ट्रेलोरने कधी घातला नाही. आता प्लिमथ बंदरात त्याचे स्वतःचे पहिले जहाज उभे होते. ते हाती यायला फक्त आजची कानांची तपासणी उरली होती.

समोर औषधांचे काचेचे कपाट होते. काचेत मागचा मॅक्रे लख्ख दिसत होता. हे कपाट तर नेहमी खिडकीशी असायचे! मित्राने ते मुद्दाम सरकवले होते.

काचेतले ओठ हलले. 'दीपस्तंभ.' ट्रेलोरला ते सहज वाचता आले. गेली कित्येक वर्षे तो ओठांवरच निभावत होता. जेवताना कुणी विनोद केला की आधी शेजाऱ्याकडे बघायचे, मग हसायचे.

शब्द जिभेवर आला, आणि त्याला मार्चमधले धुके आठवले. टेहळ्या ओरडत होता म्हणे. ट्रेलोर ढिम्म उभा. शेवटी बोल्थो नावाच्या खलाशाने त्याची बाही धरून ओढली, तेव्हा कुठे जहाज वळले. मासेमारीची एक होडी अगदी घासून गेली. तिच्यात एक म्हातारा गाल फुगवून, जिवाच्या आकांताने भोंगा फुंकत होता. ट्रेलोरला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते.

"माफ करा साहेब, हात लागला," बोल्थो नंतर म्हणाला होता. खलाशाने अधिकाऱ्याला हात लावायचा नसतो.

"काही ऐकू आलं नाही," ट्रेलोर आता मॅक्रेला म्हणाला.

मॅक्रेने पुन्हा, चांगले तोंड उघडून तोच शब्द म्हटला.

"नाही रे."

मॅक्रे तरातरा समोर आला. "गाढवा, कपाट कुणासाठी ओढलं मी? कंबर धरली माझी!"

"दिसलं ना. दीपस्तंभ म्हणालास."

"मग बोलला का नाहीस? जहाज जाईल हातचं. कुठल्या तरी कोठारावर बसवतील तुला."

"बसवू देत. धुक्यात कपाट कुठून आणू?"

मॅक्रेने लेखणी उचलली. मग त्याने लिहिले: ऐकू येत नाही.

ट्रेलोर धक्क्यावर आला तेव्हा सूर्य मावळत होता. पुढची माणसे एकाएकी थांबली. एका हमालाने डोक्यावरचे ओझे खाली ठेवले. म्हणजे सूर्यास्ताला निशाण उतरवण्याचा बिगूल वाजला, ट्रेलोरने ओळखले. तो जहाजांकडे वळला, ताठ उभा राहिला आणि हात टोपीला नेला. निशाण हळूहळू उतरले. दुसरा बिगूल होईपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो.

त्याच्या पाठीमागे माणसे केव्हाच चालू लागली होती. तो तसाच उभा होता.

कुणीतरी त्याची बाही हलकेच ओढली. तोच हमाल होता.

"झालं, साहेब," त्याचे ओठ म्हणाले.

ट्रेलोरने हात खाली घेतला.