हजर म्हणायचं न्हाई

ते पुस्तक वर्गात आणलं ते मीच. वरून परिपत्रक नव्हतं, साहेबांचा फोन नव्हता, की कुणी मागं लागलं नव्हतं. हिंगोलीजवळच्या पुसेगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथली जिल्हा परिषदेची शाळा आणि माझी सहावीची एकोणीस पोरं. बावीस वर्षं मास्तरकी करून माझं एक ठाम मत झालंय, संस्काराच्या गोष्टी वाचून दाखवल्या की पोरं डुलक्या घेतात. म्हणून मी लढाईची कादंबरी आणली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

कादंबरी जळबा नावाच्या शिपायाची. अठरा वर्षांचा पोरगा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढायला गेलेला. तोफा सुरू झाल्या की तो भीतीने डोळे मिटतो, आणि उघडतो तेव्हा ऐंशी वर्षं पुढं आलेला असतो, आजच्या काळात, एका गावाच्या शिवारात. तिथं केशर नावाची शाळकरी पोरगी त्याला भेटते. भाकरी देते, मोबाइल दाखवते, गोठ्यात लपवून ठेवते. पण तिकडं त्याच्या काळात पलटणीची हजेरी होते. जळबाचं नाव पुकारलं की ते त्याला इथं ऐकू येतं आणि सवयीने तोंडून ‘हजर’ निघून जातं. निघालं की तो परत लढाईत.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा. शेवटचा अर्धा तास मी रोज वाचायचो. एरवी सुट्टीच्या घंटेकडं कान लावून बसणारी पोरं घंटा झाली तरी उठेनात. पाचव्या दिवशी सकाळी हजेरी घ्यायला बसलो. पहिलं नाव घेतलं, उत्तर नाही. दुसरं घेतलं, नाही. कुलदीप म्हणजे वर्गातला भोंगा, तोसुद्धा गप्प. माझं डोकं तापलं.

“काय रे, मुकी झाली का समदी?”

आरोही उठून उभी राहिली. “सर, हजर म्हणायचं न्हाई असं ठरलंय आमचं.”

“काहून?”

“आपण म्हणलं तर जळबाला बी म्हणावं वाटंल.”

रागवायला उघडलेलं तोंड मी मिटलं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आपण वाचलेलं कुणाच्या इतकं आत जाताना बघणं मास्तराच्या नशिबी फार थोड्या वेळा येतं. मग ठरलं, नाव घेतलं की नुसता हात वर करायचा. मुख्याध्यापकांनी खिडकीतून बघितलं आणि “चालू द्या तुमचे प्रयोग” म्हणून निघून गेले.

पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा मी पोरांना कागद दिले. जळबाला वाचवायचं तर काय करावं, ते लिहा म्हटलं. कुलदीपने लिहिलं, ‘त्याने तोंडात भाकरीचा मोठा घास धरून ठेवावा. घास असला की हजर म्हणता येत नाही.’ आरोहीने लिहिलं, ‘केशरने त्याचं नाव आपल्या शाळेत घालावं. एका पोराचं नाव दोन हजेऱ्यांत चालत नाही असं सर म्हणतात. मग तिकडचं कटेल.’ एकाने लिहिलं, ‘जो साहेब हजेरी घेतो त्याची हजेरी कोण घेतो?’ हे सगळे कागद मी जपून ठेवले. सपना खिल्लारेच्या कागदावर एकच ओळ होती. ‘माझ्या दादाचं नाव पुकारलं की इथं ऐकू येते का?’

सपनाचा दादा म्हणजे सुरज. कोंडीबा आणि कमलबाईचा थोरला. माझ्याच हाताखाली शिकला, चार वर्षांपूर्वी फौजेत भरती झाला, आणि त्या वेळी सीमेवरून महिन्याच्या सुट्टीवर आलेला होता. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलेलं. हट्टा गावची मुलगी. घराला रंग देऊन झाला होता, आणि बाप गावात सांगत फिरत होता की मंडपाचा रंग सुनबाईच्या पसंतीचा आहे.

त्याला मी एक दिवस वर्गात बोलावलं. पोरांनी बंदुकीबद्दल विचारावं ही माझी अपेक्षा. पोरांनी हजेरीबद्दल विचारलं.

“भैया, नाव घेतलं अन् तुमी बोललेच न्हाई तर?” कुलदीप म्हणाला.

सुरज हसला. “तर मंग माझ्या जागी दुसऱ्याला जावं लागतं,” तो म्हणाला.

पोरांना हे उत्तर आवडलं नाही. सपना दुसऱ्या बाकावर बसली होती, तिने मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात सीमेवर पेटलं. टीव्हीवाले घसा फोडून सांगत होते, आणि चौकातली आमची मंडळी पानटपरीवर उभं राहून शत्रूचा नकाशाच पुसून काढत होती. घरबसल्या युद्ध जिंकायला काय जातं? परीक्षा चालू होती, त्यामुळं पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. सोमवारी सुरजला फोन आला. सुट्टी रद्द, ताबडतोब निघा.

मंगळवारी सकाळी चित्रकलेचा पेपर चालू असताना कमलबाई शाळेत आली. शेतातून येतात तशी नव्हे, धावत.

“सर, दुपारी हिंगोलीहून गाडी हाय त्याची. आयकार्डच सापडंना. सपनानं लपवलंय, मला पक्कं ठाव हाय. बापानं दोन फटके दिले, तरी तोंड उघडंना. तुमचं ऐकती ती. तुमी इचारा.”

मी सपनाला व्हरांड्यात बोलावलं. डोळे रडून सुजलेले, पण आता कोरडे. कंपासपेटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

“सपना, दादाला तकलीफ होईल. कार्ड नसलं तरी त्याला जावंच लागणार, वर साहेबाची बोलणी खावी लागतील. कुठं आहे?”

“सर, पुस्तक सरलं न्हाई अजून.”

“परीक्षा झाल्यावर वाचू.”

“आज वाचा. जळबा घरी आला तर मी देते.”

“आणि नाही आला तर?”

तिने कंपासपेटी तेवढी अजून घट्ट धरली.

शेवटचं प्रकरण मी आधीच वाचलेलं होतं. त्यात केशर दोन्ही हातांनी जळबाचं तोंड दाबून धरते. त्याचं नाव पुकारलं जातं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी त्याच्या मित्राचा आवाज येतो, तो आला नाही साहेब, मी जातो त्याच्या जागी. जळबा केशरचे हात हळूच बाजूला करतो आणि म्हणतो, हजर. त्यानंतर दोनच पानं आहेत. शेवटच्या पानावर केशर एका दगडी पाटीवर कोरलेल्या नावांत त्याचं नाव शोधते, आणि ते तिला सापडतं.

मी चित्रकलेचे कागद गोळा केले आणि पुस्तक उघडलं. कमलबाई दाराशी उंबऱ्याजवळ बसली. जळबा ‘हजर’ म्हणतो तिथपर्यंत मी लिहिलंय तसं वाचलं. पुढचं पान उलटलं, नजर छापील ओळींवर ठेवली, आणि मनाने वाचायला लागलो.

लढाई संपली, असं मी वाचलं. जळबा आगगाडीतून उतरला. डोक्यावर ट्रंक घेऊन शिवारातून चालत घरी आला. आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. त्याने दारात कडुलिंब लावला, तो म्हणजे आधीच्या प्रकरणांतला, केशरच्या घरापुढचा म्हातारा लिंब. भाषेचा मास्तर मी. लबाडी जुळवायला मला एका श्वासाचाही वेळ लागला नाही. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं जमलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुलदीप बाकावर चढला.

सपना टेबलाजवळ आली. “पुस्तकात तसंच हाये ना, सर?”

“बराबर तसंच.”

तिने कंपासपेटी उघडली. कोनमापकाच्या खाली सुरजचं कार्ड होतं. तिने ते आईच्या हातात दिलं.

तासाभराने सुरज शाळेवरून निघाला, खांद्याला मोठी बॅग, मागं अर्धं गाव. मी फाटकात उभा होतो. “सर, तुमच्यामुळं सापडलं,” तो म्हणाला आणि माझ्या पाया पडला. मग सपनाकडं वळून त्याने मुद्दाम माझा आवाज काढला, “सपना कोंडीबा खिल्लारे!” ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती मोठ्याने म्हणाली, “हजर!”

दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळा वर्ग हजर म्हणाला. पोरांनी पुस्तकावर अभिप्राय लिहिले, एकोणीस कागद, एकोणिसांत जळबा घरी आलेला. त्यांतल्या काहींनी लिंबाचं चित्र काढलं होतं.

सुरज गेल्यापासून अकराव्या दिवशी त्याच्या चौकीवर तोफगोळा पडला.

फौजेच्या गाडीतून पेटी आली. एवढी माणसं आमच्या गावाने कधी पाहिली नव्हती. ज्यांनी कोंडीबाच्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नाही, ती मंडळीही पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत उभी होती आणि फोटोत येत होती. भंतेजींनी वंदना म्हटली. मग एका अधिकाऱ्याने माइकवर त्याचा नंबर, हुद्दा आणि पूर्ण नाव घेतलं. सुरज कोंडीबा खिल्लारे. त्यानंतर क्षणभर कुणीच बोललं नाही. सपना पेटीकडं टक लावून बघत होती, मान थोडी तिरकी करून, ऐकण्यासाठी करतात तशी. ती कशाची वाट बघतेय हे त्या हजारो माणसांत फक्त मला माहीत होतं. मग लोकांनी ‘अमर रहे’चा एकच गजर केला आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

चार दिवसांनी मी घरी भेटायला गेलो. कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. नवा रंग अजून वास मारत होता.

“सर, तो गेल्यापासून रोज सांजच्याला एक भाकर बाजूला काढून ठेवायची लेकरू,” ती म्हणाली. “म्या इचारलं, कुणासाठी गं? तर म्हणे, दादा आला की ओवाळायला लागती, सरांच्या पुस्तकात हाये.”

मी चहा न घेता उठलो. मला तिथं बसवेना.

सगळे मला सांगतात, तुमचा काय दोष? कार्ड सापडलं नसतं तरी तो गेलाच असता, फौज काय कार्डासाठी थांबते? मुख्याध्यापकांनी सांगितलं, माझ्या बायकोने सांगितलं. मीही स्वतःला रोज सांगतो. सगळं खरं आहे. पण सपनाने मला ते विचारलंच नव्हतं. तिने पुस्तकात काय आहे एवढंच विचारलं होतं.

जूनमध्ये शाळा भरली. पोरं सातवीत आली, मीही त्यांच्याबरोबर वर सरकलो. वर्गाच्या वाचनपेटीची किल्ली पहिल्यापासून सपनाकडं असते, आणि सुट्टी लागताना जळबाचं पुस्तक मी त्याच पेटीत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गात आलो तर ती पेटीपाशी खाली बसली होती, मांडीवर जळबाचं पुस्तक. शेवटचं पान उघडं. मला बघून ती उठली, पुस्तक तसंच उघडं माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

“सर, तुमी खोटं वाचलं.”

“होय.”

“काहून?”

बावीस वर्षं मी पोरांना उत्तरं देत आलो. तुझ्या भल्यासाठी, असं म्हणणार होतो. ते तोंडावर आलंही होतं. ती वाट बघत होती. मी म्हटलं, “मला तुझी भीती वाटली. खरं वाचलं असतं तर तू कार्ड दिलं नसतं, आणि ते मला सगळ्यांसमोर जमलं नाही असं झालं असतं.”

तिने हे ऐकून घेतलं. रडली नाही, चिडली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

“समद्यांना खरं वाचून दाखवा,” ती म्हणाली.

सुट्टी संपली. पोरं आत आली. मी म्हणालो, जळबाचं शेवटचं प्रकरण मागच्या वेळी मी चुकीचं वाचलं होतं, आज बरोबर वाचतो. कुलदीप म्हणाला, “पर सर, तो घरी आलता ना?” मी वाचायला लागलो. सपना माझ्या शेजारी उभी राहिली, आणि मी वाचत होतो त्या प्रत्येक ओळीखालून तिचं बोट सरकत होतं. मित्राचा आवाज आला, जळबाने केशरचे हात बाजूला केले, तो हजर म्हणाला. दोन पानं. दगडी पाटी. माझा आवाज दोनदा फुटला, तिचं बोट तेवढा वेळ तिथंच थांबलं. शेवटच्या ओळीच्या पूर्णविरामापाशी तिने बोट उचललं आणि जागेवर जाऊन बसली. आरोही रडत होती. कुलदीपने दप्तरातून लिंबाच्या चित्राचं पान काढलं आणि घडी घालून परत आत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरी उघडली. पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं. कुलदीप. आरोही. सपना कोंडीबा खिल्लारे. एकोणीस नावं मी शेवटपर्यंत वाचली. कुणी हजर म्हटलं नाही, आणि या वेळी कुणी हातही वर केला नाही. सगळी पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. मी पेन काढलं आणि एकोणीस जणांपुढं हजर लिहिलं.