दुपारचा मका

अश्री गेल्याला चौथा महिना लागला, आणि गच्चीवरच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं.

आधी दिवसाला सात-आठ अंडी निघायची. मग चार, मग एखादं, आणि एका रविवारी इन्शिराहनं खुराड्यात हात घातला तेव्हा नुसता पेंढा हाताला लागला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं कोंडा भिजवला, डबाभर मका टाकला, खुराडं झाडलं आणि खाली आली. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक डबा. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे तिचं काम होतं आणि हात ते आपसूक करत होते.

अश्री तिचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. फय्यूमकडच्या त्यांच्या गावातून अर्धी तरणी पोरं इटलीला गेलेली, तसाच तोही निघाला. आधी लिबिया, तिथून बोट. किनाऱ्यावरून त्याचा एकच फोन आला. "अम्मा, उद्या निघतोय. पोचलो की करतो." त्यानंतर काही नाही. ना त्याचा फोन, ना बोटीतल्या दुसऱ्या कुणाचा. नेणाऱ्या माणसाचा नंबर बंद.

मेला म्हणावं तर मांडव घालता येतो, कुराण लावता येतं, बायका काळे कपडे घालून येतात, चाळिसावा होतो. जिवंत म्हणावं तर वाट बघता येते. इन्शिराहला यातलं एकही जमत नव्हतं. पहिल्या महिन्यात बायका आल्या, दाराशी घुटमळल्या. काय बोलायचं ते त्यांनाच कळेना. चहा पिऊन गेल्या. ती रडत नाही याची मात्र गावात चर्चा झाली.

नवरा शिहाता पहाटे शेतावर जायचा आणि दहा-अकरापर्यंत परत यायचा. एरवी दुपारनंतर तो चहाच्या दुकानात बसायचा, पण आता तिकडे फिरकत नव्हता. घरात दोघांचं बोलणं म्हणजे "चहा", "भाकरी आणली?" आणि "हो". भांडण असं काही झालेलं नव्हतं.

कोंबड्यांचं कळल्यावर शिहाताची मोठी बहीण बसीमा आली. जिना चढून धापा टाकत म्हणाली, "अगं, अकरा कोंबड्या आणि एक अंडं नाही? नजर लागलीय या घराला. मी पहिल्यापासून सांगतेय, पोराच्या नावानं चार गरिबांना जेवू घाल. कापून टाक यांना."

"कापा."

"कापा काय! तुला काही वाटतं की नाही? तुझ्या कोंबड्या आहेत."

"तुम्हीच म्हणालात ना? कापा."

बसीमानं तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग बाह्या सरसावून कोपऱ्यातली राखाडी ठिपक्यांची एक कोंबडी पकडली. फय्यूमी कोंबडी कधी सहज हाती लागत नाही, अर्धी गच्ची पळवते. ही दोन पावलांत सापडली. बसीमानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. इन्शिराहनं गरम पाणी आणून दिलं आणि पिसं उपटायला बसली.

पोट फाडलं तेव्हा शेजारची हाज्जा फौकिया तिथेच होती, बरसीम गवताचा भारा उतरवायला आलेली. तिचं आयुष्य अंडी उबवून पिल्लं विकण्यात गेलेलं. ती वाकली आणि बोट आत घालून म्हणाली, "या खुदा! ही काय बदक आहे का? बघ, दोन बोटं चरबी. अंडं बाहेर यायला वाट कुठेय?"

"आजारी होती का?" बसीमानं विचारलं.

"आजारी कसली, माजलीय. पाशाच्या बायकोसारखी खाऊन पसरलीय. ए उम्म अश्री, किती घालतेस यांना?"

गेले तीन महिने गावात तिला कुणी अश्रीची आई म्हणून हाक मारलेली नव्हती. सगळे जपून नुसतं इन्शिराह म्हणायचे. तिचे हात क्षणभर थांबले.

"दोन डबे. नेहमीचे."

"दोन डब्यांत असं होत नाही. कुणीतरी तुझ्या मागे घालतंय."

दुसऱ्या दिवशी इन्शिराह भाकरी भाजायला भट्टीवर गेली, पण पीठ शेजारणीकडे सोपवून अर्ध्यातून परत आली. दुपारची अजान नुकतीच झालेली होती. दारात शिहाताच्या चपला होत्या, तो मात्र दिसेना. ती जिना चढली.

शिहाता उलट्या डालग्यावर बसला होता. गुडघ्यांत मक्याचा डबा. तो एकेक दाणा टाकत होता आणि दहा कोंबड्या त्याच्या पायांशी गर्दी करून उभ्या होत्या. एक तर त्याच्या पावलावरच चढून बसली होती. घरात कोंबड्यांची घाण येते म्हणून हा माणूस वीस वर्षं कुरकुरत आला होता.

तिला बघून तो उठला नाही. डबा मात्र बाजूला ठेवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तो गेला त्याच आठवड्यापासून."

"कशाला?"

"खाली तू असतेस. तू काही बोलत नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोलता?"

"म्हणून तर." त्यानं पायावरची कोंबडी हळूच उतरवली. "यांना काही सांगावं लागत नाही. टाकलं की खातात. कुणीतरी खातंय एवढं दिसतं."

ती गच्चीच्या दारातच उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी त्याला गाडीत बसवायला गेलो ना, तेव्हा तो एक पाय आत टाकून मागे वळला. म्हणाला, 'आबा, नको जाऊ का?' मी म्हटलं, 'बस आता, लोक थांबलेत.'"

इन्शिराहनं ते ऐकलं. आता आपण ओरडायला हवं, असं तिला वाटलं. डबा उचलून त्याच्या अंगावर फेकावा, किंवा खाली बसून छाती बडवून घ्यावी. ती वाट बघत राहिली, पण आतून काही वर आलं नाही. एक पाय गाडीत आणि एक बाहेर असलेला अश्री तिला दिसला, त्याच्या नव्या बुटांसकट. तोही लांबचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

कोंबड्या रिकाम्या जागी चोची मारत होत्या.

"दुपारचा मका बंद करा," ती म्हणाली. "चरबी धरलीय त्यांना. अंडी यायची नाहीत."

शिहातानं मान हलवली. मग लहान मुलासारखं विचारलं, "मग मी वर कशाला येऊ?"

तिनं इकडेतिकडे बघितलं.

"पाणी बदला. उन्हानं तापतं. तापलेलं पीत नाहीत त्या."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी बादली वर जाऊ लागली. आठवडाभर कोंबड्यांनी त्याच्या पायांशी दंगा केला, एकीनं पोटरीला चोच मारून रक्त काढलं. "रागावल्यात माझ्यावर," तो खाली येऊन म्हणाला. इन्शिराहनं हळद लावून दिली. चार महिन्यांत तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला होता.

साधारण महिन्यानं एक अंडं आलं. लहानसं, कवचावर रक्ताची रेघ असलेलं. त्यानंतर रोज एक-दोन. बसीमा म्हणाली, ती कापलेली कोंबडी गरिबांना खाऊ घातली त्याचा गुण. हाज्जा फौकिया म्हणाली, उपासाचा गुण. इन्शिराहनं दोघींनाही चार-चार अंडी दिली.

मग शहरातल्या कचेरीतून निरोप आला. पलीकडच्या किनाऱ्यावर काही प्रेतं लागलीत, ओळख पटवायला आई-बापाची लाळ तपासायचीय, दोघांनी या. निरोप घेऊन आलेला शेख दारात अवघडून उभा राहिला. "घाई नाही," तो म्हणाला.

शिहातानं तिच्याकडे बघितलं. तो तिला विचारतोय, हे तिला कळलं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली. "सकाळची गाडी धरू."

कचेरीत एका पोरसवदा बाईनं हातमोजे घालून दोघांच्या गालांतून कापसाची काडी फिरवली, नळीत घालून बूच लावलं आणि वर नावं लिहिली. दोन मिनिटांत झालं. "किती दिवस लागतील?" शिहातानं विचारलं. ती म्हणाली, काही सांगता येत नाही, कधी दोन महिने, कधी वर्ष. परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसली. अर्ध्या वाटेवर इन्शिराह म्हणाली, "तुम्ही थांब म्हणाला असतात तरी तो पुढच्या महिन्यात गेलाच असता."

"तुला खरंच असं वाटतं?"

तिनं विचार केला. "माहीत नाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचा हात सीटवर तिच्या हाताशेजारी पडला होता. त्यानं तो उचलला नाही.

घरी पोचेपर्यंत दुपार उलटली होती. शिहाता कपडेही न बदलता बादली भरून वर गेला. इन्शिराह ओसरीत बसली. भांड्यात ओतलेल्या पाण्याचा आवाज आला, कोंबड्यांचा गलका झाला आणि निवला. आता रडू येईल असं तिला वाटलं. ती बसून राहिली. आलं नाही. मग ती उठली आणि तांदूळ निवडायला घेतले.