अकरा खिडक्या

रुग्णालयात तीनशे बारा संगणक होते आणि दादाचा हात न लागलेला त्यांत एकही नव्हता. बावीस वर्षं तो खिशात पेन ड्राइव्हचा जुडगा आणि काखेत निळी वही घेऊन मजले पालथे घालत होता. नवी प्रणाली टाकायची म्हणजे एकेका यंत्रापाशी तासभर ठाण मांडायचं, हीच त्याची रीत. यंत्र रुसलं की नर्स म्हणायच्या, "वैद्यबुवांना बोलवा."

त्याची धाकटी बहीण चौथ्या मजल्यावर, संगणक विभागात अभियंता होती. रुजू झाली त्या दिवशी दादाने सगळ्यांदेखत "ठमे!" अशी हाक मारली आणि तेव्हापासून अख्ख्या विभागाची ती ठमी झाली. कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची तेही तिला त्यानेच शिकवलं होतं.

या खेपेला साहेबांचा हुकूम वेगळा होता. हाताने काही करायचं नाही. एआय सहायकाच्या मदतीने स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहायची आणि रविवारी सकाळी सगळे संगणक एका दमात नव्याने उभे करायचे.

"तुमच्या बंधूंचं मग बघू," ते जाता जाता म्हणाले. "स्टोअरला माणूस हवाच आहे."

स्टोअर म्हणजे तळघरातली खोली. तुटके कीबोर्ड, मेलेले मॉनिटर आणि त्यांची यादी करणारा एक माणूस. दादाला तिथे बसवणं म्हणजे त्यालाही त्या यादीत घालणंच होतं. ठमीने मान डोलावली, पण मनातून ते तिला पटलं नाही.

तीन दिवस दादा तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. तो वहीतून सांगायचा, ती टाइप करायची, सहायक त्याची पायरी करून स्क्रिप्टमध्ये बसवायचा.

"प्रयोगशाळेतल्या चार यंत्रांना दोनदा रीस्टार्ट लागतो. एकदा केलं तर ऐकत नाहीत."

"पुढे?"

"एक्स-रेचा प्रिंटर. त्याला जुनाच ड्रायव्हर ठेव. नवा दिला की मौनव्रत."

प्रत्येक पायरीनंतर सहायक विचारायचा : आणखी काही अपवाद आहेत का?

"जावई आहे का गं हा?" दादा म्हणाला. "कितीही वाढा, ताट आपलं पुढेच!"

दोघं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्याने तोच विनोद केला, तिसऱ्या दिवशीही. विनोद जमला की दादा तो झिजेपर्यंत वापरतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. ती तिन्ही वेळा हसली.

"झालं. वही संपली," असं म्हणून तो उठला.

तो गेल्यावर तिने ताळा म्हणून विभागाची संगणकावरची नऊ वर्षांची तक्रारवही सहायकाला वाचायला दिली. त्याने चार मिनिटांत उत्तर दिलं. तळमजल्यावरच्या नोंदणीच्या अकरा खिडक्यांतले संगणक नवी प्रणाली घेताना दर वेळी अडतात, डिस्क सापडत नाही असा संदेश येतो. दर वेळी एकाच माणसाने सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्क मोड बदलल्याची नोंद आहे. त्याने कुठली कळ दाबली आणि कुठल्या भागात गेला, तेही सहायकाने ओळीने मांडलं होतं. शेवटी लिहिलं होतं : ही पायरी आपल्या यादीत नाही. ती घातली नाही तर अकराही संगणक मध्येच थांबतील. घालू का?

ठमी पडद्याकडे बघत राहिली आणि मग गालातल्या गालात हसली. लबाड! सगळी पानं टाकली आणि हुकमाचं तेवढं हातात ठेवलं. रविवारी अकरा खिडक्या अडणार, साहेबांचा चेहरा पडणार आणि वैद्यबुवा बाह्या दुमडून खाली उतरणार. मग कोण पाठवतंय त्याला तळघरात?

तिने लिहिलं : नको. हे अकरा हाताने करू.

सहायकाने उत्तर दिलं : ठीक आहे. ते करणारी व्यक्ती त्या वेळी तिथे असेल आणि तिला ही पायरी माहीत आहे, याची आधी खात्री करून घ्या.

आहे, तिने लिहिलं. दादाला मात्र तिने अवाक्षर विचारलं नाही. डाव ओळखला हे सांगितलं की डावाची मजा जाते.

रविवारी दहा वाजता तिने स्क्रिप्ट सोडली. साडेअकरापर्यंत तीनशे एक संगणक नवे होऊन उभे राहिले. नोंदणीच्या अकरा पडद्यांवर काळ्यात पांढरी एकच ओळ होती : डिस्क सापडली नाही.

"हे काय?" साहेब म्हणाले. "उद्या सकाळी इथे रांग लागणार आहे."

"या जुन्या यंत्रांची नस दादालाच ठाऊक आहे," ठमीने मनाशी घोकलेलं वाक्य म्हटलं.

दादा आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. तो पहिल्या खिडकीशी बसला, पडद्यावरची ओळ त्याने वाचली, कीबोर्डवर हात ठेवला आणि उचलून घेतला. नाटक चांगलं वठवतोय, असं ठमीला वाटलं. मिनिट गेलं. त्याने वही उघडली, पुढून मागे चाळली, मग मागून पुढे.

"वैद्यबुवा, मंत्र विसरलात की काय?" नोंदणीच्या बाई म्हणाल्या. सगळे हसले. दादाही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मग त्याने ठमीकडे बघितलं. त्या नजरेत कसलाही डाव नव्हता.

ठमी पुढे झाली. "दे इकडे," ती मोठ्याने म्हणाली. "तुझं अक्षर तुला तरी लागतं का!"

तिने वही ओढून घेतली आणि हाताला आलं ते शेवटचं पान उघडलं. शाई ताजी होती, अक्षर ठळक.

चौथा मजला. लिफ्टमधून उजवीकडे. खिडकीजवळचं टेबल ठमीचं.

खाली, दोनदा अधोरेखित केलेलं : जावयाचा विनोद सांगून झाला आहे.

ठमीने वही छातीशी धरली, दुसऱ्या कुणाला पान दिसणार नाही अशी. सहायकाने मांडलेल्या ओळी तिला पाठ होत्या.

"हे बघ, इथे तर लिहिलंयस," ती वाचू लागली. "बंद करून चालू कर. चालू होताना एफ-टू दाबत राहा. हं. डावीकडून तिसरा भाग. डिस्क मोड. एक घर खाली. आता जतन कर."

पहिली खिडकी सुरू झाली. दुसऱ्या खिडकीशी बसल्यावर त्याने पुन्हा वर बघितलं. तिने पुन्हा वाचलं. अकरा खिडक्यांशी अकरा वेळा तिने त्या पानावर नसलेली तीच वाक्यं वाचली.

"मानलं बुवा!" साहेबांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "तुमच्यावाचून अडतंच. स्टोअरचं राहू द्या."

टाळ्या वाजल्या. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडून दादा डावीकडे वळला, थांबला आणि मग उजवीकडे आला. टेबलाशी बसल्यावर त्याने शेवटचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं.

"या पानावर एवढंच आहे, ठमे."

"कधीपासून?"

"वर्ष होईल. आधी नावं गेली. हातांना येत होतं म्हणून निभावत होतो."

"मला वाटलं तू मुद्दाम लपवलंस."

"मी?" तो हसला. "लपवायला आधी आठवायला नको का?"

तिने त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि वर थोपटला, तिला तापात थोपटायचा तसा.

"तुझ्या वहिनीला एवढ्यात सांगू नकोस. तिच्यासमोर अजून निभतंय." मग त्याने पडद्याकडे बोट केलं. "याला ती पायरी ठाऊक नव्हती?"

"होती. घालू का म्हणून विचारलंही होतं त्याने. मीच नको म्हटलं. तुझ्यासाठी ठेवली."

दादाने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"घाल," तो म्हणाला.

"घातली की साहेब तुला खाली..."

"घाल म्हणतो ना. पुढच्या वेळी तू रजेवर असलीस तर? समोर रांग उभी असेल गं, माणसं आजारी असतात."

ठमीने टाइप केलं. अक्षरं धूसर दिसत होती, दोनदा खोडावी लागली. सहायकाने अर्ध्या मिनिटात पायरी स्क्रिप्टमध्ये बसवली आणि विचारलं : आणखी काही अपवाद आहेत का?

दादाने ते वाचलं. त्याचे डोळे चमकले, तोंड उघडलं. मग त्याची नजर वहीवर गेली आणि त्याने तोंड मिटलं.

"सांग ना, दादा," ठमी म्हणाली. "मी हसेन."

त्याने मान हलवली. खिशातून पेन काढलं, चौथ्या मजल्याच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि तिच्याखाली पेन टेकवून वर बघितलं. बावीस वर्षांत बिघडलेलं प्रत्येक यंत्र तो स्वतः स्टोअरमध्ये ठेवून आला होता.

"स्टोअर कुठेशी आलं गं?"

"तळघरात, दादा. जिना उतरलास की डावीकडचं पहिलं दार."

"सावकाश सांग," तो म्हणाला आणि लिहू लागला.