दुखणं त्यांचं, पथ्य तिचं

"काका, इन्शुलिन किती घेता सध्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकांनी सवयीने काकूंकडे पाहिलं.

"सकाळी अठरा, संध्याकाळी दहा," काकू म्हणाल्या.

"मी काकांना विचारलं."

"त्यांना काय ठाऊक असणार? सगळं मीच तर बघते!"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज शांत. "काकू, जरा बाहेर बसता का?"

बाहेरच्या बाकावर काकू गाल फुगवून बसल्या. जन्मभर बस चालवलेला हा माणूस, निवृत्त झाला आणि मधुमेह घेऊन घरात बसला. तेव्हापासून रक्त तपासायचं काकूंनी, सुई टोचायची काकूंनी, बटाटा लपवायचा काकूंनी. 'दुखणं त्यांचं आणि पथ्य माझं,' असं त्या शेजारणींना हसून सांगत. हल्ली हसूही येत नव्हतं. रात्री अंथरुणावर टेकलं की पाठ म्हणायची, आता उठवू नकोस.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. काका इन्शुलिनचं पेन हातात धरून बसले होते, नवा मोबाइल मिळाल्यासारखे.

"आता सुई काका घेतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर उतरली तर काय करायचं, तेही त्यांना शिकवलंय. अडलं तर मला फोन करतील. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"आणि चुकले तर?"

"थोडं चुकतील. काकू, तुम्ही बाहेरगावी मुक्कामाला कधी गेला होतात?"

काकूंना आठवेना. 

घरी पहिल्या दिवशी काकांनी पेनशी इतका वेळ झटापट केली की काकूंचे हात शिवशिवायला लागले.

"अगं, मला नाही जमत. तूच दे."

"हात मोडलेत का?" काकू बोलून गेल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. मागून कट्‌कट्‌ आवाज आला. मग, "झालं गं."

थोड्या दिवसांनी धाकट्या बहिणीने बोलावलं म्हणून त्या गेल्या. दोन दिवस राहिल्या. जीव घराकडेच होता, पण फोनवर काका म्हणत, "सगळं ठीक."

संध्याकाळी परतल्या तेव्हा ओट्यावर साखरेचा डबा उघडाच होता. काकूंनी नुसतं वळून पाहिलं.

"काल घाम फुटला," काका हळूच म्हणाले. "हात थरथरायला लागले. तपासलं, साखर उतरली होती. साखरपाणी प्यायलो, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग जेवलो. सुई घेतली आणि खाली गप्पा मारत बसलो ना, जेवण लांबलं."

"आणि मला फोन नाही केलात?"

"डॉक्टरीणबाईंना केला."

"त्यांना! आणि मी कोण?"

"तुला केला असता तर पहिल्या गाडीने धावत आली असतीस."

काकूंचे रागाने डोळे भरून आले, की कशाने, त्यांचं त्यांनाच कळेना. "रागावल्या का हो त्या?"

"नाही. म्हणाल्या, असं का झालं असेल, तुम्हीच सांगा. मी सांगितलं. म्हणाल्या, बरोबर. आता आधी ताट वाढून घ्यायचं, मगच सुई."

एवढं मोठं काम, आणि ते काकूंशिवाय पार पडलं होतं. बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. बाकी नुसता थकवा, वर्षानुवर्षांचा, एकदम अंगावर आलेला.

जेवायची वेळ झाली तसे काका ताट वाढून घेऊन बसले; काकू आल्या तशाच खुर्चीत टेकलेल्या. भाजी ओट्यावर सांडली होती, भातही जरा जास्तच घेतलेला. काकूंच्या जिभेवर शब्द आले.

"भात..." त्या म्हणाल्या.

"काढतोय," काका म्हणाले आणि त्यांनी चमचाभर भात परत पातेल्यात टाकला. निदान तीन चमचे काढायला हवा होता.

काकूंनी उठायचं ठरवलं. पण पायातल्या चपलाही काढायच्या राहून गेल्या होत्या, आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला.