कमलबाईंच्या पोराचं गाणं

नव्वदी ओलांडून कमलबाई गेल्या, तेव्हा सगळं पुसेगाव हळहळलं. त्यांच्या थोरल्या पोराला, प्रेमानंदला, दुःख झालंच. पण त्या दुःखाच्या बुडाशी एक लबाड विचारही होता, की आता आपल्याला गाता येईल.

कमलबाईंना गाण्याचं भारी वेड. स्वतः कधी गायल्या नाहीत, पण गावात जयंतीच्या कार्यक्रमाला गायन पार्टी आली की सतरंजीवर सगळ्यांत पुढे ठाण मांडून बसायच्या. तरुणपणी दिवसभर निंदणी-खुरपणी करून, लेकरं काखोटीला मारून, पार शिरड शहापूरपर्यंत गायन पार्ट्यांचे मुकाबले ऐकायला गेलेली बाई. गायकाला घरी नेऊन ठेचा-भाकर खाऊ घालणार आणि त्याचा सूर घसरला की भर कार्यक्रमात उभं राहून सांगणार. चांगले नावाजलेले गायक माईक सोडून कमलबाईंच्या तोंडाकडे बघत गायचे. नात बघायला आलेल्या नोकरीवाल्या पोरालाही त्यांनी वाटेला लावलं होतं. का, तर गीताला टाळी धरताना त्याचा ताल चुकला. "टाळी धरता येत न्हाई, हा संसार काय धरंल?"

अशा बाईच्या पोटी प्रेमानंद. नववीत असताना तो हौसेने स्टेजवर चढला. धृपद संपायच्या आत पुढून आवाज आला, "प्रेम्या, उतर खाली. निजलेली लेकरं उठून राहिली." मंडप खो खो हसला. त्यानंतर प्रेमानंद नोकरीला लागला, रिटायर झाला, केस काळे करू लागला, पण स्टेजवर काही चढला नाही. मोरीत गुणगुणला तरी बाहेरून सूचना यायची, "नळ चालू ठेव बाबा, तेवढंच झाकलं जातं." परगावच्या गायकांना 'माझं लेकरू' म्हणणारी आई पोटच्या लेकराला असं बोलायची. ते त्याला लागायचं, फार लागायचं.

म्हणून आईच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला त्याने पेटी-ढोलकीवाले बोलावले आणि फ्लेक्स लावला. 'कलाप्रेमी मातोश्रीस सुपुत्राची गीतांजली.' त्यावर मातोश्री एका कोपऱ्यात होत्या आणि सुपुत्र माईक धरून मधोमध.

"अहो, काहून हा खटाटोप? दोन शब्द बोला की," बायको करुणा म्हणाली.

"आईला आवडलं असतं."

करुणा सतरंज्या अंथरायला निघून गेली.

वंदना झाली, भाषणं झाली. कमलबाईंनी ज्यांना स्टेजवरून उतरवलं होतं, त्यांनीही 'माईंनीच आम्हाला घडवलं' म्हणून घेतलं. मग प्रेमानंदने माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि आईवर स्वतःच रचलेलं गीत सुरू केलं. पहिली ओळ घशात अडकली. दुसरी वर चढली ती खाली येईना. पेटीवाल्याने इकडे-तिकडे सूर शोधला आणि शेवटी अदबीने हात काढून घेतला. ढोलकीही थांबली. मैफल रंगली, असं प्रेमानंदला वाटलं. त्याने डोळे उघडले, तर बायांनी डोळ्यांना पदर लावलेले आणि बापे माणसं रुमाल काढून नाक पुसत होती. त्याचं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्या वर्षांनी का होईना, न्याय झाला.

तेवढ्यात आईची जुनी मैत्रीण रूपाबाई काठी टेकत आली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. "बस कर लेकरा. किती रडशील? घशाच्या चिंध्या होतील."

"मावशी, मी गाऊन राहिलो. दोन कडवी राहिली अजून."

"व्हय रे बाबा, व्हय," त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली. मग मागच्या बायांकडे वळली, "पाणी आणा गं. दुःखानं कायबी बोलून राहिलं लेकरू."

कुणीतरी माईक काढून घेतला. दोघांनी दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं. प्रेमानंद सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हे रडणं नव्हे, गाणं आहे, आणि वाईट आहे, हे पहिल्या ओळीला ओळखणारी एकच बाई गावात होती. त्याला एकदम आई पाहिजे झाली. तो खरोखरच रडू लागला, आणि कुणालाच काही फरक कळला नाही.