साहाय्यक: निरंक

"तीस वर्षं नाटकात काम केलं, पण एक वाक्य म्या कधी विसरलो न्हाई," असं सोमनाथतात्यांनी विंझरच्या चहाच्या टपरीवर चार बाकड्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

हे अगदी खरं होतं. विसरायला आधी पाठ करावं लागतं, आणि तात्यांनी तीस वर्षांत एक ओळ पाठ केलेली नव्हती.

गावच्या जत्रेत दरसाल ऐतिहासिक नाटक व्हायचं आणि त्यातला राजा ठरलेला, तात्या. उंची, मिशा, आवाज, सगळं देवानं हात सैल सोडून दिलेलं. फक्त डोक्यात काही टिकायचं नाही. ते काम गेनबाचं. गेनबा विंगेत पालथ्या क्रेटवर बसायचा, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि राजा काय बोलणार ते राजाच्या आधी पुटपुटायचा. तात्यांना त्याची अशी काही सवय लागली होती, की विंगेतून जे कानात शिरेल ते तसंच्या तसं तोंडातून बाहेर. एका साली गेनबाला शिंक आली तर सिंहासनावरचा राजाही शिंकला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

आता पुरस्काराचं. भोरला कलासंगम नावाचं एक मंडळ शहरातल्या कलावंतांना दरवर्षी 'कलागौरव' द्यायचं. पाच वर्षांत शहरातले कलावंत संपले. सहाव्या वर्षी ज्यांना दुसऱ्यांदा मिळाला तेच लाजायला लागले, तेव्हा मंडळानं ठराव करून 'शहर' या शब्दापुढं 'आणि परिसर' एवढं जोडून घेतलं. परिसरात वेल्ह्याचा रस्ता आला, रस्त्यावर विंझर आलं आणि विंझरात तात्या आयतेच बसलेले होते.

कलावंतानं स्वतःची शिफारस स्वतःच करायची, असा नियम होता. दुसऱ्यानं केली तर लोक वशिला म्हणतात. तात्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरावं तसं, म्हणून फॉर्म भरायला गेनबाच बसला. नाव, गाव, भूमिका, सगळं त्यानं मोत्यासारखं उतरवलं. शेवटच्या रकान्यात छापलं होतं: 'कलाप्रवासात कोणाचे साहाय्य लाभले असल्यास नाव.'

गेनबानं पेन थांबवलं. "हितं काय लिहू?"

तात्यांनी गोठ्यातल्या म्हशीकडं बघितलं. म्हैस त्यांच्याकडंच बघत होती. त्यांच्या मनात आलं, नाव दिलं तर मंडळ म्हणेल दोघांत एक देऊ, नाहीतर म्हणेल की मग राजा कशाचा, पोपट आहे.

"निरंक लिही," तात्या म्हणाले.

गेनबानं निरंक लिहिलं. वर पट्टी लावून खाली रेघही मारली.

त्या रेघेनं तात्यांची झोप घालवली. त्यांनी टपरीवर मारलेली ती फुशारकीसुद्धा निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशीची होती, आणि ती मारताना गेनबा शेजारच्याच बाकड्यावर बिस्किट बुडवत बसला होता. त्याचं बिस्किट तुटून चहात पडलं, ते त्यानं चमच्यानं काढून खाल्लं. शिव्या दिल्या असत्या तर तात्यांना बरं वाटलं असतं.

त्यात पत्राच्या खाली एक ओळ होती: सत्काराला पाच मिनिटं उत्तर द्यावं. तात्यांना घाम फुटला. बायको मंगलकाकू म्हणाल्या, माझ्याशी भांडताना तर अर्धा तास बोलता, मग हितं काय धाड भरली? शेवटी तात्या गेनबाच्या दारात. गेनबानं मुकाट्यानं भाषण लिहून दिलं, आणि सत्काराच्या दिवशी मागं बसून सांगायचंही कबूल केलं.

"तुझं बी नाव घाल त्यात," तात्या जमिनीकडं बघत म्हणाले.

"फॉर्मात न्हाई ते भाषणात कसं येईल? दोन कागद जुळाय पायजेत, सोमा."

तात्यांनी मनाशी ठरवलं, कागदात नसलं तर नसू दे, नाव आपण आपल्या तोंडानं घ्यायचं. भरल्या सभेत घ्यायचं.

समारंभ रविवारी सकाळी दहाचा होता, म्हणजे साडेबाराला सुरू झाला. मंडळाच्या माणसानं तात्यांच्या डोक्याला फेटा बांधला तो असा आवळून, की दोन्ही कान आत गेले. शाल आली, नारळ आला, लाकडी बैठकीवर बसवलेला पितळेचा हसरा मुखवटा आला. मग अध्यक्ष इंद्रजितरावांनी मानपत्र वाचलं. फॉर्ममधलंच सगळं, फक्त फुगवून. निरंकाचं त्यांनी 'कोणाच्याही आधाराची काठी न घेता एकट्यानं चाललेला हा कलायात्री' असं केलं होतं. तात्यांना वाटलं, हातातला मुखवटा आपल्यालाच हसतोय.

मागच्या फ्लेक्सच्या आड गेनबा क्रेटवर बसला होता. त्यानं पहिलं वाक्य सांगितलं. फेट्यातून काही आत गेलं नाही. तात्या गप्प. गेनबानं जरा मोठ्यानं सांगितलं. तरी गप्प. मग गेनबानं घसा साफ करून असं सांगितलं, की ते माइकनं धरलं. त्यानंतर सभागृहाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायला लागलं, आधी बारीक, मग भरदार. तिसऱ्या रांगेतला एक जण उठून साऊंडवाल्याला सांगून आला, की एको कमी कर.

तरीही भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात फ्लेक्सच्या आड मंडपवाला आला आणि गेनबाला मोठ्यानं म्हणाला, "ओ काका, उठा जरा. बुडाखाली वायर हाय."

तात्यांनी छाती पुढं काढली, उजवा हात पसरला आणि राजाच्या आवाजात सभेला सांगितलं, "ओ काका, उठा जरा. बुडाखाली वायर हाय."

सोफ्यावरचे प्रमुख पाहुणे पंचाहत्तरीचे होते, ते ताडकन उठले. पाहुणे उठले म्हणून अध्यक्ष उठले. व्यासपीठ उठलं म्हणून पहिली रांग उठली, आणि मग सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. असा मान मंडळाच्या इतिहासात कुणाला मिळाला नव्हता. मंगलकाकू पदरानं डोळे पुसत होत्या.

आत्ता नाही तर कधीच नाही. त्यांनी माइक घट्ट धरला आणि तीस वर्षांतलं स्वतःचं पहिलं वाक्य म्हटलं.

"ह्यो पुरस्कार माझा न्हाई."

फ्लेक्समागं घाईघाईनं पान उलटल्याचा आवाज आला.

"ह्यो पुरस्कार खरा गेन..."

"माझ्या आईवडलांचा," गेनबानं तिथल्या तिथं दुरुस्त केलं. राजा घसरला की सावरायचा, हे त्याच्या हाडात होतं.

"माझ्या आईवडलांचा," तात्या म्हणाले. तेही हाडातलंच. टाळ्या झाल्या.

"न्हाई न्हाई, त्यो गे..."

"आईवडलांचा, आन् आभार मानून थांबतो."

"आभार मानून थांबतो," तात्या म्हणाले, आणि थांबले.

परतीच्या एसटीत गर्दी होती. मंगलकाकू पुढं बायकांत बसल्या. मागच्या बाकावर खिडकीशी किकवीच्या धोंडाबाई, बाजार करून निघालेल्या, मधे गेनबा आणि कडेला तात्या. पायाशी पिशव्यांची दाटी. भोरमधल्या एका साडीच्या दुकानानं दिवाळीत वाटलेल्या पिवळ्या पिशव्या, निम्म्या तालुक्याकडं त्याच.

"गेनबा," तात्या म्हणाले, "मला तुझं नाव घ्यायचं हुतं."

"वहीत नव्हतं," गेनबा म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

तात्यांनी जरा वाट बघितली. गेनबा घोरायला लागला, तसा त्यांनी मांडीवरचा मुखवटा उचलला, शालीत गुंडाळला आणि गेनबाच्या पायाशी असलेल्या पिवळ्या पिशवीत अलगद सरकवला. फॉर्म भरल्यापासूनच्या दीड महिन्यात पहिल्यांदा छातीवरचा धोंडा हलल्यासारखं वाटलं. कापूरहोळला सगळे रेटारेटीत उतरले. धोंडाबाई किकवीकडं गेल्या, ही मंडळी वेल्ह्याच्या गाडीकडं.

मग तात्यांनी वाट बघायला सुरुवात केली. गेनबा आज येईल, उद्या येईल, गळ्यात पडेल, निदान परत तरी आणून देईल. गेनबा रोज टपरीवर यायचा, बिस्किट बुडवायचा, जायचा. चौथ्या दिवशी तात्यांना वाईट वाटलं. सहाव्या दिवशी राग आला. एवढा पुरस्कार दिला आणि माणूस एक शब्द बोलत नाही म्हणजे काय! मग त्या रागाचीच लाज वाटली. आठव्या दिवशी राहवेना.

"मिळालं न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काय?"

"तुझ्या पिशवीत ठिवलं हुतं म्या. एसटीत."

गेनबानं आठवून बघितलं. "पिशवीत वही हुती. बॅटरी हुती."

"आन् बाकी?"

"निरंक," गेनबा म्हणाला.

किकवीत धोंडाबाई तो मुखवटा दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवतात. मांजराला आता झाकण पाडता येत नाही.